अधिवेशनाची उसळी : अमेरिकेतले पोल उन्हाळ्यात उड्या का मारतात?

१९८८ च्या जुलैत मायकल डुकाकिस हेच अमेरिकेचे पुढचे अध्यक्ष, असं भल्याभल्यांना वाटू लागलं होतं. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन अटलांटात नुकतंच पार पडलं होतं. त्यानंतर लगेच गॅलप या संस्थेनं घेतलेल्या जनमत चाचणीत डुकाकिस ५५ टक्के आणि त्यांचे प्रतिस्पर्धी थोरले जॉर्ज बुश ३८ टक्के असा कौल आला. सतरा टक्क्यांची आघाडी! नोव्हेंबरात मतपेट्या उघडल्या तेव्हा बुश यांना ५३.४ टक्के मतं होती आणि डुकाकिस यांना ४५.६. पन्नासपैकी चाळीस राज्यं बुश यांच्याकडे गेली.

मग जुलैत फोनवर उत्तरं देणारे लोक खोटं बोलले होते का? गॅलपनं मोजण्यात घोळ घातला? की साडेतीन महिन्यांत कोट्यवधी माणसांनी खरोखरच मन बदललं?

दर चार वर्षांनी हे कोडं नव्यानं पडतं. अमेरिकेतल्या अधिवेशनांचा हंगाम आला की आपल्या वर्तमानपत्रांतही 'अमुक यांची मुसंडी' आणि 'तमुक पिछाडीवर' असे मथळे झळकतात. न्यू जर्सीतले नातेवाईक कुटुंबाच्या ग्रुपवर आलेख पाठवतात, आणि दोन आठवड्यांनी तोच आलेख उलटा झालेला असतो. या उड्यांमागे काय असतं, ते जरा निवांत पाहू.

अधिवेशन म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे काँग्रेसचं किंवा भाजपचं अधिवेशन म्हटलं की ठराव, भाषणं आणि मंडप डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतल्या अधिवेशनाचं कायदेशीर काम वेगळं आहे. पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार तिथं अधिकृतपणे ठरतो. राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी मत देतात. रिपब्लिकन पक्षात ते साधारण २,४०० असतात, डेमोक्रॅटिक पक्षात साडेचार हजारांच्या वर. डेमोक्रॅटिक पक्षाचे खासदार तर पदसिद्ध प्रतिनिधीच असतात. म्हणजे बेळगावात वाढलेले आणि २०२३ पासून मिशिगनचे खासदार असलेले श्री ठाणेदार हेही त्यात आले.

एके काळी हे मतदान म्हणजे खरीखुरी रस्सीखेच होती. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटांनी उमेदवार ठरवायला १०३ फेऱ्या घेतल्या. एकाहून जास्त फेऱ्या लागण्याची शेवटची वेळ १९५२ ची, तेव्हा अॅडलाय स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत निवडले गेले. १९७० च्या दशकापासून उमेदवाराचा निकाल प्रायमरीतच लागतो. प्रायमरी म्हणजे पक्षांतर्गत निवडणूक. ती राज्याराज्यांत वसंतात होते आणि तीत सामान्य मतदार मत देतात. त्यामुळे अधिवेशन भरतं तोवर नाव सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं, आणि उरतो तो चार दिवसांचा भव्य, टीव्हीसाठी बेतलेला सोहळा. सत्तेबाहेरचा पक्ष आधी आणि सत्तेतला नंतर, असा क्रम रूढ आहे.

सोहळा आटोपला की त्या उमेदवाराचे आकडे वर जातात. यालाच अधिवेशनाची उसळी म्हणतात.

मोजतात कशी?

पद्धत सरळ आहे. अधिवेशनाच्या आधी उमेदवाराला किती टक्के लोकांचा पाठिंबा होता आणि संपल्यावर किती, यांतला फरक म्हणजे उसळी. गॅलपनं १९६४ पासून ही नोंद ठेवली. तिच्यात साधारण उसळी पाचेक टक्क्यांची दिसते.

इथं एक मेख आहे, आणि बातम्यांत ती हमखास निसटते. पाठिंबा वेगळा आणि आघाडी वेगळी. समजा एकाचा पाठिंबा चार टक्क्यांनी वाढला आणि ते चार टक्के दुसऱ्याकडून आले, तर आघाडी आठ टक्क्यांनी बदलते. मथळा आठचा होतो. हललेले लोक मात्र शंभरात चारच असतात. डुकाकिस यांचंच पाहा. त्यांच्या त्या सतरा टक्क्यांत अधिवेशनाचा वाटा गॅलपच्या हिशेबानं सातच टक्के पाठिंब्याचा होता. ते आधीपासूनच पुढे होते.

दुसरं असं की कुठलीही चाचणी थोड्या लोकांना विचारून सगळ्यांचा अंदाज बांधते, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होणारच. हजारेक लोकांच्या चाचणीत एका उमेदवाराचा आकडा तीन टक्के वर किंवा खाली असू शकतो. आघाडी दोन आकड्यांतून निघते, म्हणून तिच्यातली संभाव्य चूक जवळजवळ दुप्पट होते. एकाच चाचणीवरून 'दोन टक्क्यांची उसळी' जाहीर करणं म्हणजे हवेत गाठी मारणं. उसळी पाहायची तर बऱ्याच चाचण्यांची सरासरी पाहावी लागते.

रुसलेले घरी परततात

आता कारणांकडे. पहिलं कारण कुणालाही सुचेल. चार दिवस एकाच पक्षाची बाजू टीव्हीवर असते. भाषणं त्यांची, चित्रफिती त्यांच्या, कुटुंबाच्या हळव्या आठवणीही त्यांच्याच. पत्रकारांच्या चाळणीतून न जाता पक्ष थेट देशाशी बोलतो, असा आठवडा वर्षभरात दुसरा नसतो.

पण तेवढ्यानं विरोधी पक्षाचा कट्टर मतदार पाघळत नाही. मग वाढलेले टक्के येतात कुठून? बहुतेक स्वतःच्याच पक्षातून. प्रायमरीत पक्षाचेच लोक एकमेकांविरुद्ध महिनोन्‌महिने लढलेले असतात. हरलेल्याचे समर्थक रागावलेले असतात आणि चाचणीवाल्यानं विचारलं की 'अजून ठरवलं नाही' असं सांगून मोकळे होतात. अधिवेशनात हरलेला नेता मंचावर येतो, विजेत्याचा हात उंचावतो आणि त्याचे समर्थक हळूहळू परततात. ते तसेही ऑक्टोबरपर्यंत परतलेच असते. अधिवेशन त्यांचं परतणं एका आठवड्यात गोळा करतं, एवढंच.

१९८० चं उदाहरण फार बोलकं आहे. अध्यक्ष जिमी कार्टर यांना स्वतःच्याच पक्षात एडवर्ड केनेडींनी आव्हान दिलं होतं. न्यूयॉर्कच्या अधिवेशनात समेट कसाबसा झाला. मंचावर केनेडी कार्टर यांना टाळतच राहिले. फुगेसुद्धा वेळेवर खाली आले नाहीत. इतकं बेरंग अधिवेशन होऊनही कार्टर यांना गॅलपमध्ये दहा टक्क्यांची उसळी मिळाली. रुसलेले इतके जास्त होते की थोडे परतले तरी आकडा मोठा दिसला. नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवार रोनाल्ड रेगन यांनी ४८९ प्रातिनिधिक मतं घेतली आणि कार्टर ४९ वर थांबले. (अमेरिकेत अध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेवर ठरत नाही. राज्यवार वाटलेल्या ५३८ प्रातिनिधिक मतांपैकी किमान २७० लागतात.)

यातून एक गंमत निघते. जो उमेदवार आपल्या स्वाभाविक पातळीच्या खाली अडकलेला असतो, त्याची उसळी मोठी असते. मोठी उसळी म्हणजे मोठी ताकद, असं समीकरण मांडलं की फसगत होते. १९८४ मध्ये वॉल्टर माँडेल यांनी जेराल्डीन फेरारो यांना उपाध्यक्षपदासाठी उभं केलं. एवढ्या मोठ्या पक्षानं या पदासाठी स्त्री उमेदवार देण्याची ती पहिली वेळ. माँडेल यांची उसळी नऊ टक्के आणि रेगन यांची चार. निकालात रेगन यांनी ४९ राज्यं जिंकली. १९८० मध्ये कार्टर दहा, रेगन आठ. १९८८ मध्ये डुकाकिस सात, बुश सहा. लागोपाठ तीन निवडणुकांत ज्याची उसळी मोठी, तोच हरला! यावरून उलटा नियम मात्र कुणी बांधू नये. तीन दाखल्यांवर नियम उभा राहत नाही.

फोन कोण उचलतं?

दुसरं कारण जास्त चमत्कारिक आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं. कधी कधी कुणाचंच मत बदललेलं नसतं. बदललेले असतात ते उत्तर देणारे.

भारत एखादी महत्त्वाची मॅच जिंकतो त्या रात्री क्रिकेटवर बोलायला सगळा गाव तयार असतो. हरतो त्या रात्री कुणी विषय काढला तरी माणसं 'जाऊ दे रे' म्हणून उठून जातात. आता दोन्ही रात्री कुणी घरोघर फोन करून 'तुम्ही भारतीय संघाचे चाहते का?' असं विचारत बसलं, तर हरलेल्या रात्री चाहते घटलेले दिसतील. प्रत्यक्षात एकही चाहता कमी झालेला नसतो, त्यांनी फक्त फोन घेतलेला नसतो.

पोलचंही तसंच होतं. आपल्या पक्षाचा आठवडा छान चालला असेल तर अनोळखी नंबरावरून आलेल्या फोनवर वीस मिनिटं राजकारण बोलायला माणसाला हुरूप येतो. दुसऱ्या पक्षाचा जल्लोष टीव्हीवर चालू असेल तर 'नंतर करा' म्हणून तो फोन ठेवतो. उत्तर देणारे मुळातच फार थोडे असतात, त्यामुळे हा फरक मोठा ठरतो. प्यू या नामांकित संशोधन संस्थेच्या फोनवरच्या चाचण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळायचा. २०१८ पर्यंत तो ६ टक्क्यांवर आला होता. शंभरातले सहाच बोलणार असतील, तर त्यांतला एखादा इकडचा-तिकडचा झाला तरी चित्र पालटतं.

याचा सर्वांत चांगला पुरावा अधिवेशनातून नाही, वादविवादातून मिळाला. २०१२ च्या ३ ऑक्टोबरला डेन्व्हरमध्ये ओबामा आणि मिट रॉम्नी समोरासमोर आले. ओबामा त्या रात्री अगदीच मलूल होते. सप्टेंबरात प्यूच्या चाचणीत ओबामा ५१-४३ असे पुढे होते. वादविवादानंतरच्या चाचणीत रॉम्नी ४९-४५ असे पुढे गेले. आघाडीत बारा टक्क्यांची उलथापालथ झाली, आणि तीही एका रात्रीमुळे.

त्याच काळात अँड्र्यू गेलमन आणि त्यांचे सहकारी एक वेगळीच चाचणी चालवत होते. एक्सबॉक्स या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर रोज प्रश्न यायचे आणि खेळणारे उत्तरं द्यायचे. सुमारे साडेतीन लाख लोकांकडून मिळून साडेसात लाखांच्या आसपास मुलाखती जमल्या. खेळणारे बहुतेक तरुण पुरुष, म्हणजे नमुना चांगलाच वाकडा. पण इथं एक सोय होती. तीच माणसं पुन्हा पुन्हा उत्तर देत होती, आणि त्यांचा पक्ष कोणता, मागच्या खेपेला मत कुणाला दिलं होतं, हे नोंदलेलं होतं. त्या आधारे हिशेब सरळ केल्यावर दिसलं की ती प्रचंड उलथापालथ बव्हंशी आभासी होती. वादविवादानंतर ओबामांचे समर्थक उत्तर द्यायला कमी आले होते. पक्ष बदललेले लोक होते, पण मूठभर.

अधिवेशनाचा आठवडा म्हणजे अशाच हुरूपाचा आठवडा. तेव्हा उसळीचा एक भाग मतांचा असतो आणि एक भाग निव्वळ उत्साहाचा. दोन्ही वेगळे करणं सोपं नाही. आता बऱ्याच संस्था 'मागच्या वेळी मत कुणाला दिलंत?' हे विचारून नमुना त्या प्रमाणात बसवून घेतात. त्यांच्या आकड्यांत उड्या कमी दिसतात.

वर गेलेलं खाली का येतं?

थोडक्यात सांगायचं तर समोरच्याचंही अधिवेशन असतं. त्याचीही चार दिवसांची पाळी येते, त्याचेही रुसलेले परततात, त्याच्याही समर्थकांना हुरूप येतो. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात वादविवाद, जाहिराती, रोजच्या बातम्या. डुकाकिस यांच्यानंतर महिन्याभरात न्यू ऑर्लिन्सला बुश यांचं अधिवेशन झालं. त्यानंतर डुकाकिस यांना मवाळ ठरवणाऱ्या जाहिरातींचा भडिमार सुरू झाला. त्यांची आघाडी नुसतीच ओसरली असं नव्हे, ती हिरावलीही गेली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सगळं खापर उसळीवर फोडणंही बरोबर नाही.

२००८ चा प्रसंग याहून गुंतागुंतीचा. डेन्व्हरला ओबामांचं अधिवेशन २८ ऑगस्टला संपलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांचं नाव जाहीर करून सगळी प्रसिद्धी आपल्याकडे खेचली आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सेंट पॉलमधल्या अधिवेशनानंतर ते पोलमध्ये पुढे गेले. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि मॅकेन पुन्हा मागे पडले. त्यांची उसळी तशीही ओसरणार होती की बँकेनं तिला बुडवलं? दोन्ही एकाच वेळी घडल्यावर कुठलाही आलेख याचं उत्तर देऊ शकत नाही.

'पण क्लिंटन यांची उसळी टिकली की!'

हा आक्षेप रास्त आहे. १९९२ ची उसळी गॅलपच्या नोंदीतली सर्वांत मोठी, सोळा टक्क्यांची. बिल क्लिंटन त्यानंतर शेवटपर्यंत पुढेच राहिले.

पण त्या आठवड्यात काय घडलं, तेही पाहायला हवं. जूनमध्ये गॅलपच्या चाचणीत अपक्ष अब्जाधीश रॉस पेरो ३९, बुश ३१ आणि क्लिंटन २५ असा क्रम होता. क्लिंटन चक्क तिसरे! न्यूयॉर्कचं अधिवेशन १३ ते १६ जुलैला झालं आणि १६ तारखेलाच पेरो यांनी माघार घेतली. त्यांच्यामागे गेलेले नाराज लोक एका दिवसात मोकळे झाले. देश ज्या उमेदवाराकडे टक लावून पाहत होता, त्याच्याकडेच त्यांतले बरेच वळले. म्हणजे सोळातले किती अधिवेशनाचे आणि किती पेरोंचे, हे कुणी छातीठोक सांगू नये.

शिवाय 'टिकली' म्हणजे किती टिकली? जुलैअखेर आघाडी वीस टक्क्यांच्या वर होती. १ ऑक्टोबरला पेरो परत रिंगणात आले. निकालात क्लिंटन ४३, बुश ३७.४, पेरो १८.९. आघाडी साडेपाच टक्क्यांच्या आसपास. दिशा टिकली, उंची टिकली नाही.

मग अधिवेशनं म्हणजे नुसता देखावा?

नाही. एवढं सगळं वाचून कुणी असा निष्कर्ष काढला तर ती दुसरी चूक होईल.

रॉबर्ट एरिकसन आणि ख्रिस्तोफर व्लेझियन या राज्यशास्त्रज्ञांनी १९५२ पासूनच्या पोलचा धांडोळा घेतला. वसंतातल्या पोलवरून निकालाचा फारसा अंदाज येत नाही. दोन्ही अधिवेशनं आटोपेपर्यंत मात्र चित्र बरंच पक्कं होतं आणि नंतर थोडंच हलतं. याचा अर्थ अधिवेशनांच्या काळात मतदार खरोखर काहीतरी ठरवतात. उसळीचा फेस उडून जातो, तळाशी थोडं राहतं. दोन्ही पक्षांचं उरलेलं बरोबरीचं असेल तर काहीच झालं नाही असं भासतं. एकाचं जास्त असेल तर तेवढ्यानंही निवडणूक फिरू शकते. २००० मध्ये बुश (धाकटे) आणि अल गोर या दोघांनाही आठ-आठ टक्क्यांची उसळी मिळाली आणि शेवटी सगळा खेळ फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर आला.

अधिवेशन बिघडूही शकतं. १९७२ मध्ये मायामी बीचला पक्षातले वाद इतके लांबले की जॉर्ज मॅकगव्हर्न यांचं स्वीकृतीचं भाषण पहाटे तीनच्या सुमारास झालं. ऐकायला जागं कोण असणार? त्यांची उसळी शून्य. १९६८ मध्ये शिकागोत सभागृहाबाहेर पोलीस निदर्शकांना झोडपत होते आणि देश ते टीव्हीवर पाहत होता. ह्यूबर्ट हम्फ्री यांना जेमतेम दोन टक्के मिळाले. तरी तेच हम्फ्री नोव्हेंबरात निक्सन यांच्यापेक्षा एक टक्क्याहूनही कमी मतांनी हरले. उसळी न मिळणं म्हणजे शेवट नव्हे, हे त्यांनी सिद्ध केलं. अर्थात हरून.

उसळीच आटली आहे

गेल्या वीसेक वर्षांतली खरी बातमी मला ही वाटते. २००४ मध्ये बोस्टनच्या अधिवेशनानंतर जॉन केरी यांचा आकडा वाढायचा सोडून एका टक्क्यानं घटला. २०१२ मध्ये रॉम्नींचंही तसंच झालं. ओबामांना त्या वेळी तीनच टक्के मिळाले. २०१६ मध्ये मात्र क्लीव्हलँडनंतर ट्रम्प काही दिवस बरोबरीला किंवा किंचित पुढे आले आणि आठवड्याभरात फिलाडेल्फियाच्या अधिवेशनानंतर हिलरी क्लिंटन सात-आठ टक्क्यांनी पुढे गेल्या. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती आघाडी बरीचशी विरली. २०२० मध्ये कोरोनामुळे अधिवेशनं मुख्यतः पडद्यावरच झाली आणि आकडे जवळजवळ हललेच नाहीत.

का आटली? मतदार दोन गोटांत घट्ट बसले आहेत. कुंपणावरचे थोडे उरलेत. पूर्वी तीनच मोठ्या वाहिन्या असायच्या आणि अधिवेशनाच्या संध्याकाळी दुसरं पाहायला काही नसायचं. आता ज्याला पाहायचं तोच पाहतो, आणि तो बहुधा आधीपासूनच त्या पक्षाचा असतो. शिवाय दोन अधिवेशनांत पूर्वी महिनाभराचं अंतर असे. २००८, २०१२ आणि २०१६ मध्ये ते काही दिवसांवर आलं, म्हणजे पहिल्याची उसळी मोजून होण्याआधीच दुसऱ्याचे नगारे वाजायला लागायचे.

'आधीच आकडा कमी करणं ही लबाडी नाही का?'

२०२४ मध्ये हाच वाद पेटला. त्या उन्हाळ्याचा क्रमच विलक्षण होता. १३ जुलैला पेनसिल्व्हेनियात ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला. १५ ते १८ जुलैला मिलवॉकीत त्यांचं अधिवेशन झालं. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली. ट्रम्प यांची उसळी मोजायला पोलवाल्यांना जेमतेम तीन दिवस मिळाले. पुढचा महिना कमला हॅरिस यांचे आकडे चढत गेले. रुसलेले आणि हिरमुसलेले डेमोक्रॅट त्यांच्याकडे अधिवेशनाआधीच परतले होते. शिकागोचं अधिवेशन १९ ते २२ ऑगस्टला झालं आणि २३ ला अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी (धाकटे) यांनी प्रचार थांबवून ट्रम्प यांना पाठिंबा दिला.

निवडणुकांचे अंदाज वर्तवणारे नेट सिल्व्हर यांच्या गणितात एक कलम होतं. अधिवेशनानंतर त्या पक्षाचे आकडे तात्पुरते फुगतात, तेव्हा त्या दिवसांतल्या पोलमधून थोडं वजा करायचं. अधिवेशनानंतर हॅरिस यांचे आकडे वाढलेच नाहीत. गणितानं त्याचा अर्थ असा लावला की उसळी वजा केल्यावर त्या थोड्या घसरल्या आहेत. त्यांची जिंकण्याची शक्यता खाली आली आणि त्यांचे समर्थक भडकले. 'पोल जिथल्या तिथं आहेत, मग शक्यता कशी घटली?'

प्रश्न भाबडा नव्हता. इतिहासावरून काढलेली वजाबाकी आजच्या काळाला लागू होते का, हाच तो वाद, आणि आटलेल्या उसळीसाठी जुन्या मापाची वजाबाकी जास्त होते असं म्हणायला जागा होतीच. पण लबाडी म्हणता येणार नाही. नियम आधीच जाहीर होता, दोन्ही पक्षांना सारखाच होता आणि काही आठवड्यांनी त्याचा परिणाम आपोआप संपणार होता. नोव्हेंबरात ट्रम्प ४९.८ विरुद्ध ४८.३ टक्क्यांनी जिंकले. म्हणून ती वजाबाकी बरोबर होती, असंही सिद्ध होत नाही. एका निकालावरून शक्यतेचं गणित खरं-खोटं ठरत नसतं.

जिथं अधिवेशन, ते राज्य खिशात?

पक्षांना तसं वाटतं, म्हणून चुरशीच्या राज्यांतली शहरं निवडली जातात. दाखला मिळत नाही. २०१२ मध्ये ओबामांनी शार्लटला अधिवेशन भरवलं आणि नॉर्थ कॅरोलायना गमावलं. रॉम्नींनी टँपा निवडलं आणि फ्लोरिडा गमावलं. हिलरी क्लिंटन फिलाडेल्फियात उभ्या राहिल्या आणि पेनसिल्व्हेनिया हरल्या. मिलवॉकीनंतर ट्रम्प यांनी विस्कॉन्सिन जिंकलं हे खरं, पण बाकीची सहा चुरशीची राज्यंही त्यांनी त्या वेळी जिंकलीच होती. फायदा होतो तो मुख्यतः तिथल्या हॉटेलवाल्यांचा.

आपल्याकडे अशी उसळी का दिसत नाही?

मुळात आपल्या पक्षांचं अधिवेशन उमेदवार ठरवत नाही, आणि तारीखही निवडणुकीला बांधलेली नसते. त्याहून मोठी अडचण मोजमापाची. उसळी दिसायला तोच प्रश्न दर आठवड्याला, महिनोन्‌महिने विचारणाऱ्या चाचण्या लागतात. तशी सलग मोजणी आपल्याकडे नाही. फोन न उचलणाऱ्यांचा प्रश्न मात्र इथंही तितकाच लागू आहे. एखाद्या पक्षाच्या विजयी सभेनंतर घेतलेल्या चाचणीत कोण मोकळेपणानं बोललं आणि कोण गप्प राहिलं, हे विचारायलाच हवं.

पुढच्या वेळी आकडे कधी पाहायचे?

पहिल्या अधिवेशनानंतरचा पोल वाचायचाच असेल तर तो अर्धी मॅच झाल्यावरचा धावफलक समजावा. दुसरं अधिवेशन संपून दोन-तीन आठवडे गेले की मगच्या सरासरीला अर्थ येतो, आणि तीही राज्यवार पाहावी.

२०२८ साठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ट्रम्प यांना राज्यघटनेनुसार तिसऱ्यांदा निवडून येता येणार नाही, त्यामुळे विद्यमान अध्यक्ष मैदानात नसतील आणि दोन्ही पक्षांत उमेदवारीसाठी मोठी झुंज होऊ शकते. गेल्या तीन निवडणुकांत देशाला पाठ झालेलं एक नाव त्यात नसेल. रुसणारे जास्त आणि उमेदवार कमी परिचित, अशी जुन्या काळची परिस्थिती पुन्हा जुळून आली, तर आटलेली उसळी परतही येईल. आली नाही, तर मात्र मतदार किती घट्ट बसले आहेत याचा याहून मोठा पुरावा मिळणार नाही.